गव्हात एक बोडकी ओंबी सापडली आहे. हा नवा वाण होऊ शकतो का?

वाफसा (निफाड तालुका) | ११ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

मंडळी, नमस्कार. दीड एकर लोक-१ वाणाचा गहू आहे. घरचंच बी, तिसरं वर्ष. गहू आता चिकात आहे. काल रात्री पाण्याचं बारं देताना मधल्या वाफ्यात बॅटरीच्या उजेडात एक झाड वेगळं दिसलं, म्हणून सकाळी परत जाऊन नीट पाहिलं. बाकीच्या गव्हापेक्षा चार बोटं उंच. पाच फुटवे, पाचही ओंब्या भरदार, आणि एकालाही कुसळ नाही. टोकाला अर्ध्या बोटाएवढी दोन-चार टोकं आहेत तेवढीच. पानाचा रंगही जरा राखट वाटला.

वडील म्हणतात भेसळ आहे, उपटून टाक, नाहीतर पुढच्या वर्षी बियाण्यात वाढेल. त्यांचं बरोबर असेल. पण ओंबी इतकी सुंदर आहे की माझा हात होत नाही. मला विचारायचं आहे ते असं: असं एखादं झाड घेऊन नवा वाण तयार होतो का? आणि झाला तर तो नवा आहे हे ठरवतं कोण?

बांधावरचा | ११ फेब्रुवारी, सकाळी ९:०५

दादा, वडिलांचं ऐका. मळणी यंत्र गावभर फिरतं, आधीच्या शेतातले दाणे त्यात राहतात आणि आपल्या पोत्यात येतात. दर वर्षी पाच-दहा झाडं अशी निघतात. बी धरायचं असेल तर भेसळ काढलीच पाहिजे.

पोटरी | ११ फेब्रुवारी, दुपारी १:३०

वाफसा, उपटू नका. निदान आज तरी नको.

मी गहू संशोधनाच्या एका केंद्रावर ३१ वर्षं क्षेत्र सहायक होतो. तुमच्यासारखी झाडं शेकड्यांनी पाहिली. बहुतेक निरुपयोगी निघतात हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे वाईट वाटणार नाही. पण झाड काय आहे हे कळल्याशिवाय ते टाकायचं नसतं.

अशा झाडामागे तीन कारणं असू शकतात. एक, बांधावरच्या भाऊंनी सांगितलं ते. दुसऱ्या वाणाचा दाणा मिसळला. दोन, आपोआप झालेला संकर. गहू स्वतःच्याच परागानं फळतो, फूल उघडायच्या आतच काम उरकलेलं असतं. तरीही शंभरात एखादं फूल, बहुतेकदा त्याहूनही कमी, बाहेरचा पराग घेतं. मागच्या वर्षी तसं एक फूल तुमच्या वावरात फळलं असेल तर त्याचा दाणा यंदा हे झाड होऊन उभा आहे. तीन, दाण्यातच अचानक झालेला बदल. हे सगळ्यात दुर्मीळ.

यातलं कुठलं, हे झाडाकडे बघून कळत नाही. त्याच्या लेकरांकडे बघून कळतं. पाचही ओंब्यांना पांढरा दोरा बांधा. पिकल्यावर हातानं कापा आणि प्रत्येक ओंबी वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. पाचही एकत्र चोळू नका. पाकिटावर तारीख, वाफा, ओंबीचा क्रमांक. पुढच्या नोव्हेंबरात एका ओंबीची एक ओळ, दाण्यापासून दाणा वीतभर लांब. ओळीतली सगळी झाडं सारखी निघाली तर बहुधा मिसळलेला दाणा, म्हणजे कोणाचा तरी आधीच असलेला वाण. ओळ फुटली, म्हणजे काही बोडकी काही कुसळाची, काही उंच काही बुटकी निघाली, तर संकर.

आणि एक काम आजच करा. वही घ्या आणि झाड दिसतंय तसं लिहून काढा. आठवणीवर ठेवू नका.

वाफसा | ११ फेब्रुवारी, रात्री ८:१५

काका, खूप आभार. दोरे बांधले. एक आठवलं. गेल्या हंगामात शेजारच्यांनी सासरवाडीहून बोडका गहू आणून विहिरीजवळच्या चार वाफ्यांत टाकला होता. त्याचं काड जनावरं आवडीनं खातात, कुसळ तोंडात टोचत नाही म्हणून. मधे फक्त बांध आहे.

पोटरी | ११ फेब्रुवारी, रात्री ९:००

मग बापाचा पत्ता लागण्याची शक्यता आहे. त्यांच्याकडे त्या गव्हाच्या चार ओंब्या शिल्लक असतील तर मागून आणा आणि त्याही पाकिटात घाला. आई लोक-१, बाप शेजारचा बोडका. दोन्ही समोर ठेवल्याशिवाय लेकराचं रूप वाचता येत नाही.

कृषी तृतीय वर्ष | १२ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

काका, संशोधन केंद्रावर मुद्दाम संकर कसा करतात? पुस्तकात एक परिच्छेद आहे, पण हातानं करताना कसं असतं ते सांगाल का?

पोटरी | १२ फेब्रुवारी, दुपारी ४:१०

सांगतो. हे काम माझ्या फार जवळचं आहे.

आई म्हणून जी ओंबी निवडायची ती पोटरीतून, म्हणजे शेंड्याच्या पानाच्या फुगलेल्या आवरणातून, अर्धी बाहेर आलेली हवी. पूर्ण बाहेर आली की उशीर झाला. परागकोश हिरवे हवेत, पिवळे पडले असतील तर ती ओंबी सोडायची. खालची आणि शेंड्याची बारकी फुलं काढून टाकतो. उरलेल्या प्रत्येक झुपक्यात दोन-तीन-चार फुलं असतात, त्यातली मधली चिमट्यानं उचकटून फक्त कडेची दोन ठेवतो. मग कात्रीनं तुसाचा वरचा भाग कापायचा. आत तीन परागकोश असतात. चिमटा आत घालून तिन्ही एकदम काढायचे, कुक्षीला धक्का न लावता. एकही फुटला तर ते फूल वाया. एका ओंबीत असं वीस-तीस फुलांचं काम. वर बटर पेपरची पिशवी, देठाशी टाचणी, आणि चिठ्ठीवर आईचं नाव आणि तारीख.

दोन-तीन दिवसांनी कुक्षी पिसासारखी पसरते. तेव्हा बापाची ओंबी आणायची, परागकोश नुकतेच बाहेर पडू लागलेली. तिचेही शेंडे कापून ती थोडा वेळ उन्हात धरली की परागकोश आपोआप वर येतात. मग पिशवीचं वरचं तोंड कापून ती ओंबी उलटी आत घालायची आणि बोटांत फिरवायची. धुरासारखा पिवळा पराग उडतो. पुन्हा पिशवी बंद, चिठ्ठीवर बापाचं नाव.

महिन्याभरानं त्या ओंबीत दहा-पंधरा सुरकुतलेले दाणे मिळतात. तूस कापल्यामुळे ते कधीच टपोरे होत नाहीत. नवीन मुलं ते पाहून निराश होतात. पण ते पुढच्या वर्षी पेरले की सगळी झाडं एकसारखी येतात, आणि त्यांचे दाणे त्याच्या पुढच्या वर्षी पेरले की वावरात सगळं उलगडतं. त्या दुसऱ्या पिढीत दीड-दोन हजार झाडं लावतो आणि रोज सकाळी ओळींतून चालतो. उंच, बुटकं, लवकर, उशिरा, तांबेरा रोग लागलेलं, न लागलेलं. त्यातून पन्नास-साठ झाडं निवडायची. मग दर वर्षी ओंबीची ओळ, ओळीतून पुन्हा निवड. दुसऱ्या पिढीत निम्म्या जनुकजोड्या मिश्र असतात, तिसऱ्यात पाव, चौथ्यात त्याच्या निम्म्या, असं करत सहाव्या-सातव्या पिढीपर्यंत ओळ स्थिर होते. म्हणजे संकरापासून सात-आठ वर्षं, आणि तेव्हा कुठे उत्पन्नाच्या चाचण्या सुरू होतात.

सास्काटूनकर | १३ फेब्रुवारी, पहाटे ५:५५

हा धागा वाचून राहवलं नाही. मूळचा सिन्नरचा, आता कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतात. आमच्या इथे नजर जाईल तिथपर्यंत गहू असतो, मे महिन्यात पेरलेला आणि ऑगस्ट-सप्टेंबरात काढलेला. याला इथे वसंत गहू म्हणतात. गंमत अशी की निफाडचा थंडीतला गहू आणि हा गहू जातीनं एकाच गटातले आहेत.

कारण सांगतो. हिवाळी गव्हाला कोवळ्या वयात काही आठवडे कडक थंडी लागते, शून्य ते दहा अंशांच्या आसपास. ती मिळाली नाही तर तो गवतासारखा पसरत राहतो, ओंबीच धरत नाही. वसंत गव्हाला ती अट नाही. आपण महाराष्ट्रात नोव्हेंबरात पेरतो म्हणून तो हिवाळी होत नाही, निफाडची थंडी त्या हिशेबानं उबदारच.

आणि वाफसाच्या प्रश्नाचं एक उत्तर इथल्या इतिहासात आहे. १८४२ च्या सुमारास ऑन्टॅरिओतल्या ओटोनाबी इथल्या डेव्हिड फाइफ नावाच्या शेतकऱ्याला ग्लासगोच्या मित्राकडून थोडा गहू मिळाला. डांझिग बंदराहून आलेल्या जहाजातला. त्यानं तो वसंतात पेरला. पण तो निघाला हिवाळी, एकही झाड पिकलं नाही. फक्त एका दाण्याच्या झाडाला तीन ओंब्या आल्या आणि त्या पिकल्या. त्या तीन ओंब्यांचं बी त्यानं वेगळं धरलं. त्यातून आलेला रेड फाइफ पुढे पन्नासेक वर्षं कॅनडाचा मुख्य गहू होता.

रेड फाइफची भाकर उत्तम, पण तो उशिरा पिके. प्रेअरीवर, म्हणजे इथल्या सपाट गवताळ मैदानांवर, ऑगस्टच्या शेवटी हिमकडाका पडला की उभं पीक जाई. म्हणून ओटावाच्या सरकारी प्रयोगक्षेत्राचे प्रमुख विल्यम सॉन्डर्स यांनी जगभरातून लवकर येणारे गहू मागवले. त्यात एक होता हार्ड रेड कलकत्ता, आपल्या देशातला. १८९२ साली त्यांचा मुलगा पर्सी यानं कलकत्ता आई आणि रेड फाइफ बाप असा संकर केला. त्याची पिल्लावळ मिसळलेलीच पडून होती. १९०३ साली पर्सीचा थोरला भाऊ चार्ल्स तिथे आला आणि त्यानं त्यातली एकेक ओंबी वेगळी काढून एकेक ओळ लावली. म्हणजे पोटरीकाकांनी सांगितलं तेच. दळायला दाणे पुरत नव्हते, म्हणून तो दाणे चावून बघायचा. तोंडात चिवट गोळा झाला की ती ओळ ठेवायची. त्यातली एक ओळ मार्क्विस. १९०७ साली जेमतेम १० किलो बी सास्काचेवानच्या इंडियन हेड केंद्रावर पाठवलं, १९०९ पासून शेतकऱ्यांना दिलं. रेड फाइफपेक्षा आठवडाभर तरी आधी पिके. १९१८ पर्यंत नेब्रास्कापासून उत्तर सास्काचेवानपर्यंत २ कोटी एकरांवर तो उभा होता.

मला यातली एक गोष्ट फार लागते. मार्क्विसची आई आपली. पण आपल्या कुठल्या गावची? सांगता येत नाही. हार्ड रेड कलकत्ता हे बंदरातून जाणाऱ्या मालाचं व्यापारी नाव. कोणत्या शेतकऱ्याच्या वावरात तो वाढला, ओंबी कशी होती, कुसळ कसं होतं, त्याला तिकडे काय म्हणत, हे कोणी लिहून ठेवलं नाही. बाप फाइफ, त्याचं नाव शेतकऱ्यासकट पुस्तकात आहे. आईचं फक्त बंदर माहीत आहे.

ओट्यावरून | १३ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

चावून बघण्याचं वाचलं आणि माहेर आठवलं. खळ्यावर आम्ही मुलं मूठभर गहू तोंडात टाकून तासभर चावायचो, चिंगम होईपर्यंत. आजी म्हणायची, ज्याचं चिंगम लवकर होतं त्याची पोळी चांगली, ज्याचं नुसतं पीठ होऊन गिळलं जातं तो लाडवाला ठेवा. बन्सी गव्हाचं चिंगम होत नसे. तो शेवयांना आणि रव्याला.

मला वाटतं वाण निवडताना पोळीची परीक्षा फार उशिरा होते. गहू पाव-बिस्किटाचा वेगळा, पोळीचा वेगळा. पोळीला कणीक चिवट हवी पण ताठ नको, पोळी दुपारच्या डब्यात मऊ राहायला हवी, आणि सकाळी मळलेली कणीक दुपारी काळी पडायला नको. एचडी २१८९ आमच्याकडे अजून मागून घेतात तो यासाठीच. वाफसाभाऊ, दाणे पुरेसे झाले की एक पोळी नक्की करा आणि इथे लिहा.

बीजप्रमाणक | १३ फेब्रुवारी, रात्री १०:४५

ताई, कणीक काळी पडण्याचा मुद्दा तुम्ही बरोबर काढलात. दाण्याच्या सालीत एक विकर (एन्झाइम) असतं, त्यामुळे कणीक हवेत काळवंडते. वाणाच्या वर्णनात यासाठी चाचणीच आहे: दाणे पाण्यात भिजवून मग एक टक्का फिनॉलच्या द्रावणात काही तास ठेवायचे. काहींचा रंग बदलत नाही, काही तपकिरी होतात, काही थेट काळे.

मी बियाणे प्रमाणीकरणाच्या कामात आहे, म्हणून वाफसांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. नवा आहे हे ठरवतं कोण.

आपल्याकडे २००१ चा वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा आहे. त्यात नोंदणीसाठी वाण रूपाच्या तीन कसोट्यांवर उतरावा लागतो. वेगळेपणा, म्हणजे आधी माहीत असलेल्या प्रत्येक वाणापेक्षा निदान एका ठळक लक्षणात तो निराळा हवा. एकसारखेपणा, म्हणजे वावरातली सगळी झाडं एकाच रूपाची. आणि स्थिरता, म्हणजे पुढच्या पिढीतही तेच रूप. कायद्यात शेतकऱ्यानं स्वतः विकसित केलेल्या वाणालाही पैदासकाराच्या, म्हणजे वाण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या, वाणासारखीच नोंदणी मिळते. पिकांना एकूण १५ वर्षं संरक्षण असतं.

उत्पन्न किती, हा प्रश्न या तीन कसोट्यांत नाही. लोकांना याचं आश्चर्य वाटतं. उत्पन्नाच्या चाचण्या वेगळ्या, गव्हाच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पात तीनेक वर्षं विभागवार होतात. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक हा द्वीपकल्पीय विभाग. त्यात वाण सरस ठरला तर तो प्रसारित आणि अधिसूचित होतो. पण हा तोच वाण आहे हे ओळखायला वर्णन लागतं.

वर्णन म्हणजे काय काय बघतात ते थोडक्यात सांगतो, कारण वाफसांना आजपासून उपयोगी पडेल. कोंब वर आला की त्याच्या आवरणावर जांभळी छटा आहे का. झाड सुरुवातीला उभं वाढतं की पसरतं. पान जिथे खोडाला मिठी मारतं तिथे दोन्ही बाजूंना कानासारखे छोटे भाग असतात, त्यांच्यावर जांभळा रंग आणि लव आहे का. शेंड्याचं पान उभं, आडवं की झुकलेलं. निम्म्या झाडांची ओंबी पोटरीतून डोकावली तो दिवस. ओंबीवर, देठावर, शेंड्याच्या पानाच्या आवरणावर मेणाचा थर, ज्यामुळे राखट झाक येते. वाफसांनी पहिल्याच दिवशी राखट लिहिलं, ते याच लक्षणाचं. मग ओंबीचा आकार, घट्टपणा, लांबी. कुसळ आहे का, किती लांब, कोणत्या रंगाचं, पसरलेलं की चिकटलेलं. शेवटी ओंबीच्या मध्यावरचं एक बाहेरचं तूस काढून भिंगाखाली धरायचं. त्याला वर खांदा असतो आणि टोकाला चोच. खांदा उतरता, सरळ की चढता. चोच आखूड की लांब, सरळ की वाकडी. आणि दाणा: रंग, आकार, अंकुराची रुंदी, शेंड्यावरच्या केसांची लांबी.

दिसायला एकसारखे दोन गहू चोचीच्या वाकावरून निराळे ठरलेले मी पाहिले आहेत.

बांधावरचा | १४ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

माहिती मोलाची आहे, पण मनातलं बोलतो. चोच वाकडी की सरळ यानं माझ्या पोत्यात काय फरक पडतो? मला एकरी दोन पोती जास्त हवीत आणि मार्चच्या उन्हात दाणा बारीक व्हायला नको.

पोटरी | १४ फेब्रुवारी, दुपारी २:००

भाऊ, तुमचा प्रश्न खरा आहे, आणि उन्हाचा मुद्दा तर आपल्या भागात पहिला. ११० दिवसांत आटोपणारा गहूच आपल्याकडे टिकतो. कॅनडात हिमाच्या भीतीनं लवकर पिकणारा हवा होता, आपल्याला उन्हाच्या भीतीनं हवा आहे.

पण चोचीनं फरक पडतो. तुमच्या दुकानदारानं पिशवीवर एक नाव छापलं आणि आत दुसराच गहू भरला तर तुम्ही ते कशावरून सिद्ध करणार? बियाणे प्लॉटवर तपासणीला माणूस येतो तो हेच लक्षण बघून भेसळ मोजतो. वर्णन नसेल तर भेसळ हा शब्दच निरर्थक होतो.

एक उदाहरण देतो. गव्हाचे पैदासकार नॉर्मन बोरलॉग यांच्या मेक्सिकोतल्या ८१५६ क्रमांकाच्या एकाच संकरातून वेगवेगळ्या देशांत निवडी झाल्या. मेक्सिकोत सिएटे सेरोस, पाकिस्तानात मेक्सिपाक, आपल्याकडे कल्याण सोना. आपल्या लोकांना पिवळसर टपोरा दाणा हवा होता, लाल नको होता, म्हणून आपल्या पैदासकारांनी तसल्या ओळी धरल्या. शरबती सोनोरा तर लाल दाण्याच्या सोनोरा ६४ वर गॅमा किरण सोडून पिवळसर दाण्यासाठी काढला. दाण्याचा रंग हे वर्णनाच्या कागदावरचं एक लक्षण. पण त्या एका लक्षणावर लोक तो गहू घरात घेणार की नाही हे ठरत होतं.

आता जे राहून गेलं ते, तांबेरा. वाफसा, तुमच्या ओळी पुढच्या वर्षी कितीही देखण्या आल्या तरी तांबेऱ्याला बळी पडल्या तर सोडून द्याव्या लागतील. मार्क्विसचं तेच झालं. १९१६ साली काळ्या तांबेऱ्यानं तिकडचं पीक बुडवलं, आणि १९३० च्या दशकात थॅचर नावाच्या तांबेरा-सहनशील वाणानं त्याची जागा घेतली. आपल्याकडे महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्याचं संशोधन केंद्र मुद्दाम आहे. थंड, दमट, तांबेऱ्याला हवं तसं. तिथे नव्या ओळींवर रोग सोडून बघतात. मी एका हंगामात तिथे जाऊन आलो. आमच्या केंद्रावर हिरव्यागार दिसणाऱ्या ओळी तिथे विटकरी झालेल्या पाहिल्या.

आणि हेही लिहून ठेवतो, कारण फार कमी लोकांना माहीत आहे. आपली खपली, गव्हाचाच एक जुना प्रकार. सांगली-साताऱ्याकडे अजून करतात, खिरीसाठी. ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गेली आणि काळ्या तांबेऱ्याला दाद न देणारी म्हणून जगभरच्या पैदासकारांनी वापरली. एसआर १३ आणि एसआर १४ ही तांबेरा-प्रतिकारक जनुकं तिच्यातून ओळखली गेली. युगांडात निघालेल्या यूजी ९९ या भयंकर तांबेऱ्यावर एसआर १३ आजही कामाचं आहे. आणि इथे, हार्ड रेड कलकत्तासारखं, मूळ नाव हरवलं नाही. जगातले शास्त्रज्ञ तिला खपलीच म्हणतात.

सास्काटूनकर | १४ फेब्रुवारी, रात्री ११:२०

काका, खपलीचं वाचून फार बरं वाटलं.

वर्णनाबद्दल इथली एक गोष्ट जोडतो. पश्चिम कॅनडात कितीतरी दशकं नियम होता की गव्हाचा वर्ग नुसत्या दाण्याच्या रूपावरून ओळखू यायला हवा. लाल वसंत गहू लालच दिसला पाहिजे. धान्य कोठारावरचा माणूस दाणा हातात घेऊन प्रत ठरवायचा. त्यामुळे रूप न जुळणारे चांगले वाण नाकारले जात. ऑगस्ट २००८ मध्ये तो नियम काढला. आता शेतकरी आपला गहू त्या वर्गात बसणाऱ्या वाणाचा आहे असं लेखी देतो.

बीजप्रमाणक | १५ फेब्रुवारी, सकाळी ९:५०

हा नेमका धोका आहे. वर्णन ओळखण्यासाठी असतं, निवडण्यासाठी नव्हे. रूप जुळत नाही म्हणून चांगली ओळ टाकणं चूकच.

पोटरी | १५ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. निवड करणाऱ्याचा डोळा तयार होतो तो वर्णन लिहून लिहूनच. आमच्या केंद्रावरचे एक साहेब नव्या माणसाला पहिलं वर्ष निवड करू देत नसत. फक्त लिही म्हणत. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ हॉवर्ड दांपत्य १९०५ नंतर बिहारमधल्या पुसाला आलं, त्यांनीही आधी हिंदुस्थानातले गहू गोळा करून त्यांची लक्षणं लिहिली, १९०९ साली त्यावर पुस्तक काढलं, आणि त्या पाहणीतून पुसा ४, पुसा १२ हे वाण आले. ज्यानं शंभर ओंब्यांची चोच पाहिली आहे त्याला एकशे एकाव्या ओंबीत काय निराळं आहे ते लांबून दिसतं. वाफसाला रात्री बॅटरीच्या उजेडात दिसलं तसं.

कृषी तृतीय वर्ष | १५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:००

गव्हाच्या वाणांच्या नावांबद्दल एक विचारू का? एमएसीएस, एनआयएडब्ल्यू, एचडी ही अक्षरं कुठून आली?

बीजप्रमाणक | १५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:२५

एमएसीएस म्हणजे पुण्याची महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, आजची आघारकर संशोधन संस्था. १९४६ साली शं. पु. आघारकर यांनी सुरू केली. त्यांचं गव्हाचं क्षेत्र बारामती तालुक्यात होळला आहे. एनआयएडब्ल्यू म्हणजे निफाड आणि पुढे साध्या गव्हाचं शास्त्रीय नाव, एनआयडीडब्ल्यू म्हणजे निफाडचा बन्सी प्रकार. एचडी हायब्रिड दिल्ली, एचआय हायब्रिड इंदूर. लोक-१ सौराष्ट्रातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेचा, मोठ्या सरकारी केंद्राबाहेर निघालेला. तरी तो अर्ध्या देशात पोहोचला. वाफसांच्या ओळीची आई तीच, म्हणून हे सांगावंसं वाटलं.

वाफसा | १६ मार्च, रात्री ९:३०

गहू काढला. पाच ओंब्या, पाच पाकिटं. दाणे अनुक्रमे ४१, ३८, ४४, ४० आणि ३६. लोक-१ इतके टपोरे नाहीत, पण भरलेले आहेत. शेजारच्यांकडून बोडक्याच्या सहा ओंब्या मिळाल्या. बीजप्रमाणक साहेबांनी सांगितलेलं भिंग नाशिकहून आणलं. तिन्हींची चोच काढून पाहिली. लोक-१ ची लांब आणि टोकदार, शेजारच्या बोडक्याची अगदी बुटकी, माझ्या झाडाची मधली. वहीत चित्र काढलं आहे, चांगलं नाही, पण कळतं.

पाचवं पाकीट पेरणार नाही, जपून ठेवतो.

वाफसा | ९ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

मंडळी, धागा वर आणतो. वर्ष झालं.

१४ नोव्हेंबरला चार ओंब्यांच्या चार ओळी लावल्या. दोन्ही बाजूंना लोक-१ आणि शेजारचा बोडका, तुलनेसाठी. १६३ दाण्यांतून १५२ झाडं आली. काल सगळी मोजली, वडील दोरी धरून आणि मी लिहीत. कुसळ असलेली ४१. नसलेली किंवा टोकाला आखूड टोकं असलेली १११. चारही ओळी फुटल्या आहेत. उंचीत तर फारच, सगळ्यात बुटकं झाड गुडघ्याच्या वर आणि सगळ्यात उंच कमरेच्या वर.

कृषी तृतीय वर्ष | ९ फेब्रुवारी, सकाळी ९:००

१५२ चे चार भाग केले तर ३८ आणि ११४. तुमचे ४१ आणि १११! एका जनुकाचा तीनास एक. बोडकेपण वरचढ. संकरच आहे!

पोटरी | ९ फेब्रुवारी, सकाळी ११:१५

शाबास. मुलानं हिशेब बरोबर केला. बांधावरून आलेल्या परागानं तुमच्या लोक-१ शी संकर झाला होता, तुम्ही मागच्या वर्षी पाहिलंत ते पहिल्या पिढीचं झाड, आणि आता दुसरी पिढी तुमच्यासमोर उभी आहे. याच पिढीची आम्ही केंद्रावर वर्षभर वाट बघायचो.

आता १५२ मधून निवड तुमची. मी तिथे नाही, मी सांगणार नाही. फक्त इतकं, एका लक्षणावर भाळून झाड धरू नका. बोडकं आहे, पण तांबेरा आहे, तर सोडा. कुसळाचं आहे, पण लवकर आलंय आणि काडी ताठ आहे, तर धरा. दहा-बारा झाडं पुरेत. आणि लोक-१ मध्ये आता बाहेरचा पराग येतो हे कळलंच आहे, तर घरच्या बियाण्याच्या गव्हातली भेसळ यंदा काढा. वडिलांचं म्हणणं त्या बाबतीत बरोबरच होतं.

ओट्यावरून | ९ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

पोळीची आठवण आहे ना?

वाफसा | ९ फेब्रुवारी, रात्री ८:५०

ताई, आठवण आहे. दहा झाडांचं बी पुढच्या वर्षी ओळीत घालून उरेल त्याचं पीठ अजून मुठीएवढंही होणार नाही. तोवर चावून बघतो. तीन नंबरच्या ओळीतलं सतरावं झाड वडिलांनी आधीच धरून ठेवलंय. बोडकं, मांडीएवढं, ५६ व्या दिवशी ओंबी डोकावली, शेंड्याचं पान उभं, देठावर राखट झाक, पानाच्या कानावर हलका जांभळा रंग. तांबेऱ्याचा अजून एक ठिपका नाही. शेजारचं सोळावं झाड विटकरी झालंय, आणि हे त्याला खेटून उभं आहे.

पोटरी | ९ फेब्रुवारी, रात्री ९:१०

कानावर लव आहे का ते लिहिलं नाहीत. उद्या दव जायच्या आत भिंग घेऊन बघा, ओलं असताना लव चिकटते आणि दिसत नाही, म्हणून परत अकरा वाजता बघा. दोन्ही वेळेचं लिहा.